लेखकांचा रोजमेळ

नामवंत लेखक सभेत आला की, "आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?" हा प्रश्न त्याला विचारण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, तो विचारला गेला नाही तर मुलाखत अपुरी राहिल्यासारखे श्रोत्यांनाच वाटावे. लेखकही सरावाने काही तरी सांगून मोकळा होतो. आजीच्या गोष्टी, गावची नदी, शाळेतले एखादे गुरुजी. टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होते आणि सभागृह रिकामे होते. परंतु लेखन हे काम आहे याविषयी निदान लेखकाच्या मनात तरी शंका नसते. मग या कामाला किती तास लागतात, ते तास कोणाच्या वाट्यातून काढले जातात, घडवलेला माल किती वेळा मोडून पुन्हा घडवावा लागतो आणि अखेरीस पदरात काय पडते, हे प्रश्न कोणीच का विचारू नयेत? प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय अर्थशास्त्र शिकवण्याचा असल्यामुळे कदाचित हे प्रश्न त्याला अधिक जवळचे वाटत असतील. पण केवळ व्यावसायिक खोड म्हणून ते बाजूस सारावेत असे नाही.

हे प्रश्न जिकिरीने विचारणारे एक नियतकालिक जगात आहे. 'पॅरिस रिव्ह्यू' हे त्रैमासिक काही तरुण अमेरिकनांनी १९५३ साली पॅरिसमध्ये सुरू केले. मुखपृष्ठावर मोठी नावे हवीत, पण मोठ्या लेखकांना मोबदला द्यायला पैसा नाही, ही नव्या नियतकालिकाची सनातन अडचण त्यांच्यापुढेही होती. लेख मागितला तर मानधन द्यावे लागते. मुलाखत मात्र लेखक फुकट देतो. एका थोर वाङ्मयीन परंपरेच्या मुळाशी असा काटकसरीचा विचारही होता, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमीच गंमत वाटते. मुलाखतीचा मसुदा लेखकाला दाखवायचा, त्याला हवे ते बदल करू द्यायचे आणि मगच छापायचे, असा त्यांचा शिरस्ता पडला. त्यामुळे या मुलाखती बोलल्यासारख्या वाटल्या, तरी पुष्कळ अंशी त्या लिहिलेल्या आहेत. वाचकाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

१९५८ साली जॉर्ज प्लिंप्टन यांनी प्रसिद्ध केलेली अर्नेस्ट हेमिंग्वे यांची मुलाखत या मालिकेतील बहुधा सर्वांत गाजलेली म्हणावी लागेल. हेमिंग्वे तेव्हा क्यूबात, हवाना शहराच्या बाहेर राहत. उजाडताच लिहायला सुरुवात करायची आणि पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच थांबायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी रिकाम्या विहिरीत पोहरा सोडावा लागत नाही, हा त्यांचा नेम. ते उभ्याने लिहीत. भिंतीला टेकून ठेवलेल्या एका पुठ्ठ्यावर रोजच्या शब्दांचा आकडा मांडून ठेवीत. ४५०, ५७५, ४६२, मग एकदम १२५०, पुन्हा ५१२. मोठा आकडा येई तो दुसऱ्या दिवशी समुद्रावर मासे धरायला जायचे असले म्हणजे! आदल्या दिवशी जादा काम करून ठेवले की सुटीची टोचणी लागत नसे. आपणच आपल्याला फसवू नये यासाठी हा तक्ता आहे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. पराक्रमी, शिकारी, मद्यप्रेमी अशी ज्याची प्रतिमा जगभर पसरली होती, तो माणूस लेखनाच्या खोलीत एखाद्या पेढीवरील मुनीमजींसारखा रोजमेळ लिहीत होता.

याच मुलाखतीत हेमिंग्वे सांगतात की, 'ए फेअरवेल टू आर्म्स' या १९२९ च्या कादंबरीचे शेवटचे पान त्यांनी ३९ वेळा पुन्हा लिहिले. कारण विचारता, शब्द नीट बसत नव्हते, एवढेच उत्तर. यात बढाई किती आणि सत्य किती, असा संशय कोणालाही यावा. परंतु त्यांची हस्तलिखिते बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयात जतन केलेली आहेत, आणि २०१२ साली त्यांच्या नातवाच्या संपादनाखाली निघालेल्या आवृत्तीत या कादंबरीचे निरनिराळे शेवट छापण्यात आले. ते भरले ४७. म्हणजे लेखकाने आपल्या श्रमाचा आकडा फुगवला नव्हता. झालाच असेल तर तो कमी सांगितला होता. अर्थशास्त्रात आम्ही असे शिकवतो की, माणूस आपल्या आवडीनिवडीविषयी काय सांगतो यापेक्षा तो बाजारात प्रत्यक्ष काय उचलतो हे पाहावे. लेखकाच्या बाबतीत मुलाखत हे सांगणे झाले आणि हस्तलिखित हे उचलणे झाले. दोन्ही एकत्र ताडून पाहण्याची सोय जेथे असते, तेथेच मुलाखतीचे खरे मोल कळते.

विल्यम फॉकनर यांचे उदाहरण याच कसोटीवर घासून पाहण्याजोगे आहे. 'ॲज आय ले डाइंग' ही कादंबरी आपण १२ तासांच्या अंगमेहनतीच्या नोकरीतून उरलेल्या वेळात सुमारे सहा आठवड्यांत लिहिली, असे त्यांनी १९५६ च्या मुलाखतीत सांगितले. हस्तलिखितावरील तारखा २५ ऑक्टोबर आणि ११ डिसेंबर १९२९ अशा आहेत. म्हणजे सात आठवड्यांना एक-दोन दिवस कमी. हिशेब जवळजवळ जुळतो. मात्र आपण त्यातला एक शब्दही बदलला नाही, हा त्यांचा अन्यत्र केलेला दावा हस्तलिखिताला मान्य नाही. त्यात खाडाखोड आहे. तास आणि दिवस सांगताना लेखक सहसा खरे बोलतो, स्वतःच्या प्रतिभेविषयी बोलू लागला की त्याची जीभ थोडी सैल होते, असे अनुमान यावरून काढायला हरकत नाही.

लेखनाचा हिशेब उघड मांडण्याची किंमतही काहींना मोजावी लागली. अँटनी ट्रॉलप हे इंग्लंडच्या टपालखात्यातले अधिकारी. त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा रसिकांना धक्का बसला. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द उतरवायचे; तीन तास झाले की कचेरी. पुस्तकवार मिळकतीचा तक्ताही त्यांनी जोडला होता: एकूण ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. कारकुनासारखे लिहिणारा माणूस कलावंत कसा, असा सूर पुढे बराच काळ निघत राहिला. 'कारकुनासारखे' हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी कधी कचेरीचे काम केले नसावे! मला स्वतःला त्या आत्मचरित्रातला दुसराच एक आकडा अधिक बोलका वाटतो. पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी एका वृद्ध नोकराला ट्रॉलप वर्षाला पाच पौंड जादा देत, आणि आपल्या यशाचे ऋण कदाचित इतर कोणाहीपेक्षा याच माणसाचे अधिक असेल, अशी कबुली त्यांनी दिली आहे. जवळजवळ एकोणसत्तर हजार एकीकडे आणि वर्षाला पाच पौंड दुसरीकडे. उत्पन्नाच्या वाटपावर याहून नेमके उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

ही पहाट पुढे आणखी कोणाकोणाच्या हिशेबात येते. टोनी मॉरिसन यांनी १९९३ सालच्या मुलाखतीत सांगितले की, उजाडण्यापूर्वी लिहिण्याची आपली सवय निवडीतून आलेली नव्हती, ती गरजेतून आली. प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी, घरी दोन लहान मुलगे, आणि त्यांचा सांभाळ करायला त्या एकट्याच. मुलांनी 'आई' म्हणून हाक मारण्याआधीचा, पहाटे पाचच्या सुमाराचा वेळ तेवढा त्यांचा स्वतःचा होता. पुढे मुले मोठी झाली, नोकरी सुटली, तरी सकाळीच डोके अधिक स्वच्छ चालते असे त्यांच्या लक्षात आले आणि सवय टिकली. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रॉलप यांना पहाटेची कॉफी कोणी तरी आणून देत असे. मॉरिसन स्वतः करून घेत. कवी फिलिप लार्किन हे व्यवसायाने ग्रंथपाल. बेलफास्टच्या विद्यापीठात असताना रात्री आठ ते दहा हे दोन तास आपल्याला लेखनासाठी सर्वांत लाभले, असे त्यांनी १९८२ च्या मुलाखतीत म्हटले. ही मुलाखतही त्यांनी टपालाने दिली. नोकरी करून लिहू पाहणाऱ्या आपल्या शिक्षकांना आणि कारकुनांना प्रेरणेवरच्या दहा भाषणांपेक्षा हे दोन तास अधिक उपयोगी पडतील, असे मला वाटते.

तथापि मुलाखत जे सांगत नाही त्याचीही नोंद घ्यायला हवी, आणि त्यासाठी 'पॅरिस रिव्ह्यू'ची पहिलीच मुलाखत पुरेशी आहे. ती ई. एम. फॉर्स्टर यांची. 'ए पॅसेज टु इंडिया' लिहिताना गुहेत काही तरी महत्त्वाचे घडते आणि ते कादंबरीच्या केंद्रस्थानी असणार एवढेच आपल्याला ठाऊक होते, काय घडते ते ठाऊक नव्हते, हे त्यांनी तेथे मोकळेपणी सांगितले. या कादंबरीशी मराठी माणसाचा एक धागा आहे. १९२१ साली फॉर्स्टर हे देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. कादंबरीची सुरुवातीची प्रकरणे त्यांनी सोबत नेली होती; पण ज्या देशाचे वर्णन करायचे तोच समोर उभा राहिल्यावर ती प्रकरणे कोमेजून गेली आणि इंग्लंडला परतल्यावरच काम पुढे सरकले, असे त्यांनी 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात लिहिले आहे. त्या मराठी संस्थानातली गोकुळाष्टमी मात्र कादंबरीच्या अखेरच्या भागात उतरली. १९२४ साली कादंबरी आली आणि त्यानंतर आयुष्यभर त्यांनी एकही नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. का? मुलाखतीत एका अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीविषयी ते बोलतात: मुख्य घटना कोणती हे आपण ठरवले नव्हते, म्हणून ती अडली. कारण तंत्राचे आहे, सभ्य आहे आणि खोटेही नाही. परंतु १९७० मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढल्या वर्षी 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची, त्यांनी १९१३-१४ मध्येच लिहून ठेवलेली कादंबरी बाहेर आली. स्त्री-पुरुष प्रेमाच्या ज्या एकाच विषयावर लिहिण्याची मुभा आहे त्याचाच आपल्याला कंटाळा आला आहे, ही त्यांची खासगी नोंदही पुढे प्रसिद्ध झाली. असे संबंध इंग्लंडात १९६७ पर्यंत गुन्हा होते. १९५३ साली मुलाखतकारांनी कितीही कौशल्याने विचारले असते तरी खरे उत्तर मिळणे शक्य नव्हते. येथे दोष लेखकाचा नाही. कायद्याने ज्याच्या तोंडाला कुलूप घातले होते, त्याच्याकडून तो तंत्राविषयी बोलला याहून जास्त काय अपेक्षावे?

आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी मुलाखती आणि सभासंमेलने यांपासून कटाक्षाने दूर राहिले. १९८७ साली ते गेले, आणि मग त्यांच्या पत्रांचे खंड निघाले. जे त्यांनी श्रोत्यांना कधी सांगितले नसते ते पत्रांत मिळते. बहिणाबाई चौधरींची तर मुलाखत घ्यायला कोणी गेलेच नाही. त्यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात रचलेल्या त्यांच्या कविता घरच्या माणसांनी उतरवून घेतल्या आणि १९५१ साली त्यांचे निधन झाल्यावर, १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. दळणाच्या कामात ओळी कशा जुळत, आधी चाल येई की शब्द, रचलेले मोडून त्या पुन्हा रचत की काय, हे जाणून घेण्याचा मार्ग आता उरलेला नाही.

जे आज लिहीत आहेत त्यांच्याबाबतीत तो मार्ग खुला आहे. महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांकडे दर वर्षी लेखक येतात आणि ध्वनिमुद्रणाला आता काहीच खर्च येत नाही. पुढल्या वेळी एखाद्या विद्यार्थ्याने उठून विचारावे, की तुमच्या पहिल्या पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या आणि मानधन काय मिळाले. ते लिहीत होता तेव्हा घरचा स्वयंपाक कोण करत होते. आणि त्याचा पहिला खर्डा कोठे आहे, की तो रद्दीत गेला. लेखक क्षणभर गोंधळेल. प्राचार्य कदाचित भुवया उंचावतील. पण प्रश्न विचारून झालेला असेल, आणि यंत्र चालू असेल.