कामगाराचे मन आणि कामाची घडण

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात कामाच्या जागेचे मानसशास्त्र शिकविण्यास आरंभ होतो, तो बहुधा हॉथॉर्नच्या कथेने. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात अनेक प्रयोग झाले. प्रथम दिव्यांचा प्रकाश कमीअधिक करून पाहण्यात आला. पुढे १९२७ पासून टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या मोजक्या तरुणींना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या विश्रांतीच्या व कामाच्या वेळा बदलण्यात आल्या. उत्पादन वाढत गेले. हार्वर्डचे एल्टन मेयो यांनी त्याचा जो अर्थ लावला, तो पाठ्यपुस्तकांतून जगभर पसरला. कामगार केवळ पैशासाठी राबत नाही. त्याची कोणी आस्थेने दखल घेतली की त्याचे काम सुधारते, असा तो अर्थ.

अर्थ सुखद आहे, पण अपुरा आहे. त्या खोलीतील दोन तरुणींना, त्या फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत म्हणून, १९२८ च्या आरंभी काढण्यात आले व त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. शिवाय पूर्वी मोठ्या खात्याच्या उत्पादनाशी जोडलेली मजुरी आता या लहानशा गटाच्या उत्पादनाशी जोडली होती. अधिक काम केले तर अधिक पैसे हाती पडतात, हे प्रत्येकीला दिसत होते. ॲलेक्स केरी यांनी १९६७ मध्ये नेमक्या या गोष्टींवर बोट ठेवले. आस्थेचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु मजुरी आणि धाक यांना वगळून केलेला मनाचा अभ्यास अर्धाच राहतो.

त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा पुरुष कामगारांचे निरीक्षण झाले. दिवसाचे काम किती, हे त्यांनी आपसांत ठरविले होते. कोणी त्याहून अधिक केले तर त्याची टर उडविली जाई, प्रसंगी दंडावर गुद्दाही बसे. वरवर हा आळस वाटेल. परंतु उत्पादन वाढले की उक्त्या कामाचा दर कापला जाईल किंवा काहींना घरी बसविले जाईल, ही त्यांची भीती होती. आणि काळ होता महामंदीचा. हे निरीक्षणही १९३२ मध्ये काम कमी पडल्यामुळेच आटोपते घ्यावे लागले. ज्याला अविवेक म्हटले गेले, तो हिशेब होता.

हा हिशेब मुंबईला नवा नव्हता. हॉथॉर्नच्या तरुणींना विश्रांतीच्या सुट्या दिल्या जात होत्या, त्याच १९२८ साली गिरणगावातील सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, हा कार्यक्षमतेच्या नावाने आलेला बोजा संपाच्या प्रमुख कारणांपैकी एक होता. माग वाढले, तर उरलेल्या विणकऱ्यांचे काय, हा प्रश्न मानसशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेने विचारण्यापूर्वी गिरणगावाने विचारला होता.

म्हणूनच अहमदाबादचा प्रयोग अधिक अभ्यसनीय ठरतो. कॅलिको गिरणीच्या साचेखात्यात स्वयंचलित माग बसविल्यानंतरही अपेक्षित उत्पादन मिळेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहणी केली. २९ कामगार बारा निरनिराळ्या कामांत विभागलेले होते. विणकऱ्याकडे जितके माग, तितकेच कांड्या भरणाऱ्याकडे नसत. तुटलेले धागे सांधणाऱ्याकडे आणखी वेगळे. त्यामुळे कोण नेमका कोणाचा सोबती, हेच कळत नसे. दोष माणसांत नव्हता, कामाच्या मांडणीत होता. ठरावीक मागांची जबाबदारी एका लहान गटाकडे एकत्रितपणे देण्याची कल्पना पुढे येताच कामगारांनी ती उचलून धरली आणि गट स्वतःच जुळविले. उत्पादन वाढले, कापडाची खराबी घटली.

पुढचा भागही तितकाच बोलका आहे. १९७० मध्ये एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका ठिकाणी ही पद्धत बव्हंशी टिकलेली आढळली, तर इतरत्र जुनी वहिवाट परत आली होती. कामगारांना दिलेली स्वायत्तता जपावी लागते. वरिष्ठांनी रोजच्या कामात हात घालण्यास आरंभ केला, की ती विरून जाते. पुढे ती गिरणीही बंद पडली. कामाची उत्तम घडणही बाजार आणि भांडवल यांच्या निर्णयांपासून कामगाराला वाचवू शकत नाही, हेही या अभ्यासाने मान्य केले पाहिजे.

आज मुकादमाच्या जागी पडद्यावरचा आकडा आला आहे. मोबाईलवरून काम घेणाऱ्या तरुणाला वेळ, मार्ग आणि गुण यंत्रच सांगते. त्याने काम नाकारले किंवा मुद्दाम रेंगाळले, तर त्याच्या वृत्तीची चिकित्सा करणे सोपे आहे. त्याऐवजी दर कोणी ठरविला, तो बदलण्यापूर्वी त्याला विचारले काय आणि आपल्या कामाविषयी त्याला काय ठाऊक आहे, हे पाहिले पाहिजे. मन ओळखण्याची विद्या मन वळविण्याचे तंत्र बनली, तर ती मालकाच्या सोयीपुरतीच उरेल. कामगार शहाणा आहे, या गृहीतावर तिचा पाया घातला, तरच तिला शास्त्र म्हणता येईल.