सजातीय पदे
सजातीय पदे (किंवा सरूप पदे) म्हणजे बैजिक राशीतील अशी पदे, ज्यांतील चल समान असतात आणि प्रत्येक चलाचा घातांकही समान असतो. सहगुणक वेगळे असले तरी चालतात. ५क्ष²य आणि −२यक्ष² ही पदे सजातीय आहेत. गुणाकारात चलांचा क्रम बदलल्याने पद बदलत नाही. क्ष²य आणि क्षय² मात्र विजातीय आहेत. अशी पदे एकत्र करून राशी लहान करण्याच्या क्रियेस राशीचे सरलीकरण म्हणतात.

या क्रियेचा आधार वितरण गुणधर्म हा आहे. ७क्ष + ४क्ष मध्ये क्ष हा समाईक अवयव असल्याने (७ + ४)क्ष, म्हणजे ११क्ष मिळते. ७क्ष + ४य मध्ये असा अवयव नाही, म्हणून ती राशी तशीच ठेवावी लागते. शिकवताना अनेकदा ‘७ आंबे आणि ४ केळी’ असा दाखला दिला जातो. तो सोपा असला तरी फसवा आहे. क्ष हे वस्तूचे नाव नसून संख्येचे चिन्ह आहे, आणि आंब्याचा वर्ग कोणालाच करता येत नाही.

कंसापूर्वी वजा चिन्ह असल्यास कंसातील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते:

६क्ष − (२क्ष − ५य) + य
= ६क्ष − २क्ष + ५य + य
= ४क्ष + ६य

उत्तर पडताळण्यासाठी चलांना किमती देतात. क्ष = २, य = ३ घेतल्यास मूळ राशी १२ − (४ − १५) + ३ = २६ आणि उत्तर ८ + १८ = २६ येते. पडताळणीसाठी १ ही किंमत टाळावी. ३क्ष + २य = ५क्षय ही नेहमी आढळणारी चूक क्ष = य = १ घेतल्यास उघड होत नाही, कारण दोन्ही बाजू ५ येतात. क्ष = २, य = ३ घेताच एक बाजू १२ आणि दुसरी ३० येते.

हा नियम भारतीय गणितात जुना आहे. भास्कराचार्यांनी (दुसरे) बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ या ग्रंथात समान जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी करावी व भिन्न जातीच्या राशी वेगळ्या मांडाव्यात, असे सांगितले आहे. ‘सजातीय’ या शब्दातही हीच ‘जाती’ आहे. अज्ञात राशींना ते यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देतात व या, का, नी अशी आद्याक्षरे लिहितात. ज्ञात संख्येसाठी ‘रू’ (रूप) येते आणि ऋण संख्येवर टिंब दिले जाते. नवव्या शतकातील अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातील ‘मुकाबला’ ही क्रियाही समीकरणाच्या दोन्ही बाजूंची सजातीय पदे परस्परांतून वजा करण्याची आहे.

करणींनाही हाच नियम लागू पडतो. ३√२ + ५√२ = ८√२ होते, परंतु √२ + √३ एकत्र करता येत नाही. √१२ + √३ प्रथमदर्शनी विजातीय वाटते; √१२ = २√३ असे लिहिल्यावर बेरीज ३√३ येते.