रब्बींचे ग्रंथ आणि बेने इस्राएल

यहुदी धर्माचा पाया तोरा, म्हणजे त्याची धर्मसंहिता. ती रोजच्या जगण्यात पाळायची कशी, हे रब्बी म्हणजे धर्मपंडित यांच्या ग्रंथांनी ठरवले. इसवी सन २०० च्या सुमारास यहूदा हनासी यांनी मौखिक परंपरा ‘मिश्ना’त संकलित केली, तिच्यावरील चर्चेतून ‘तालमूद’ घडला. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिवशी, कोणते काम वर्ज्य, मांस आणि दूध एकत्र का चालत नाही, याचा तपशील त्यात आहे. मान्य न झालेली मतेही त्यात जपली आहेत, हे त्याचे मोठेपण.

कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, दीर्घकाळ या ग्रंथांपासून दूर होते. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’नी शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ प्रार्थना यांच्या आधारे धर्म टिकवला, ही असामान्य गोष्ट आहे. पुढे कोचीनच्या यहुद्यांच्या संपर्कातून रब्बींची परंपरा त्यांच्यात रुजली. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले.

पेसाह सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. द्राक्षारसाचे चार प्याले, मुलाने विचारायचे प्रश्न हा त्या रात्रीचा विधी मिश्नेतूनच आलेला. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात.

बेने इस्राएलांचे इस्राएलमध्ये स्थलांतर झाल्यावर, पूर्वी त्यांना रब्बींचे घटस्फोटविषयक नियम ठाऊक नव्हते यावर बोट ठेवून तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर शंका घेतली. समाजाने आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्राएल सरकारने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली.