थंडरबर्ड अपडेट केलं आणि पत्ते गायब? थांबा, ते बहुतेक तिथेच आहेत

कुंभवलीपासून तारापूर एमआयडीसीपर्यंत कितीतरी छोट्या ऑफिसांत बिलं, चलनं, ट्रान्सपोर्टवाल्यांचे निरोप मेलवरच चालतात. अपडेटनंतर "टू"मध्ये दोन अक्षरं टाकूनही एकही नाव सुचलं नाही, की काम ठप्प.

सर्वात आधी, अॅप काढून पुन्हा टाकू नका. जुनी आवृत्तीही बसवू नका. नव्या आवृत्तीने हाताळलेलं प्रोफाइल ती सहसा उघडतच नाही.

पत्ते प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात. हेल्प मेन्यूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, तिथून तो फोल्डर शोधा. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करून अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. ही पायरी कृपा करून टाळू नका!

आता फाइली बघा. 2020 साली आलेल्या 78व्या आवृत्तीपासून पत्ते 'मॅब'ऐवजी 'एसक्यूलाइट' फाइलमध्ये साठतात. रूपांतर अर्धवट झालं, तर नवी फाइल जवळपास रिकामी दिसते, पण शेजारी 'मॅब.बॅक' नावाने जुनी फाइल शाबूत असते. तिची प्रत काढा, नावातलं शेवटचं 'बॅक' काढा आणि टूल्समधल्या इम्पोर्टमधून मॅब प्रकार निवडून आत घ्या.

मेलही दिसत नसतील, तर अपडेटने नवं कोरं प्रोफाइल उघडलं असावं. त्याच ट्रबलशूटिंग पानावरून प्रोफाइलांची यादी उघडा आणि जुन्याने सुरू करून बघा.

ज्यांना कधीतरी मेल पाठवला होता, त्यांचे पत्ते 'कलेक्टेड अॅड्रेसेस'मध्ये आपोआप जमलेले असतात. तिथेही जरूर डोकावा.