अर्पण केलेल्या खड्याची पारख : सिंहलाइट



गतवर्षीच्या नवरात्रात एका भाविक कुटुंबाने आजींची अंगठी देवीचरणी अर्पण केली. तीतील सोनेरी-तपकिरी खडा घरात गोमेद म्हणून ओळखला जाई. येथील एका जाणकार व्यापाऱ्यांनी मात्र तो दुर्मिळ ‘सिंहलाइट’ असावा, असे सांगितले. तो विकून भक्तनिवासाची दुरुस्ती करावी, अशीही सूचना आली. त्यानिमित्त ही माहिती देत आहोत.

सिंहलाइट हे मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियमचे बोरेट होय. सोनार दागिना झाळताना वापरतात तो टाकणखारही बोरेटच. परंतु तो पाण्यात विरघळतो, तर सिंहलाइट हे टिकाऊ रत्न आहे. श्रीलंकेत मिळणारे हे खडे पूर्वी तपकिरी पेरिडॉट समजले जात. १९५२ साली जी. एफ. क्लॅरिंगबुल व एम. एच. हे या शास्त्रज्ञांनी ते स्वतंत्र खनिज असल्याचे सिद्ध केले. ‘सिंहल’ या लंकेच्या संस्कृत नावावरून त्याचे नामकरण झाले.

पारख अशी : सिंहलाइटात प्रकाशकिरण दुभंगतो; त्यामुळे योग्य कोनातून दहापट भिंगाने पाहिल्यास मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. गोमेदात तसे होत नाही. पेरिडॉटमध्ये मात्र होते. तेथे वजन साहाय्यक ठरते. ७ कॅरटचा सिंहलाइट पाण्यात तोलल्यास सुमारे २ कॅरटने हलका भरतो, तेवढाच पेरिडॉट सुमारे २.१ कॅरटने. हा फरक सूक्ष्म असल्याने खडा कोंदणातून काढून प्रयोगशाळेत वर्णपटही तपासतात. सिंहलाइटात ४६३ नॅनोमीटरजवळ एक जादा काळी रेघ आढळते.

दुर्मिळ ते महागच, असे मात्र नाही. माणिक-नीलम घेणारे पुष्कळ. सिंहलाइटचे ग्राहक मुख्यतः संग्राहक. रंग, निर्मळता, वजन व घडण यांवर मोल ठरते. प्रयोगशाळेचा अहवाल ओळख सांगतो. किमतीसाठी मूल्यमापक लागतो.

आम्ही प्रथम पावतीवर केवळ ‘तपकिरी खडा, परीक्षण बाकी’ असे लिहिले व कुटुंबाच्या संमतीनेच तो काढविला. खडा सिंहलाइटच निघाला. परंतु लहान व झिजलेला असल्याने त्याचे मूल्य अपेक्षेहून फार कमी ठरले. नोंदवहीत दुरुस्ती करून तो पुन्हा त्याच अंगठीत बसविला असून अंगठी देवीच्या अलंकारांत ठेवली आहे. दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी उभारण्यात येईल.

खडा अर्पण करताना त्याचा अहवाल असल्यास सोबत द्यावा. नसल्यास ऐकीव नाव वा किंमत पावतीवर लिहिण्याचा आग्रह धरू नये, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ, सुरत