किल्ली काढून घ्या, लायसन्स राहू द्या

१९८० च्या आधी अमेरिकेत व्यसनात सापडलेल्या नर्सचं पुढे काय होणार, हे बहुधा ठरलेलं असे. हॉस्पिटल गुपचूप राजीनामा घेई आणि ती दुसऱ्या गावात रुजू होई. नाहीतर प्रकरण राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे जाऊन लायसन्स जाई. उपचाराचं कुणी नावच काढत नसे.

१९८२ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने ठराव केला, की कारवाईआधी उपचाराची संधी द्या. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने तसा कार्यक्रम कायद्याने सुरू केला. कॅलिफोर्निया, टेक्सास मागोमाग आले. (आपल्याकडे पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते १९८६ मध्ये. व्यसनी माणूस आजारी असतो, हे तेव्हा इथेही पटवून द्यावं लागत होतं.)

व्यसनासाठी नर्स वॉर्डातलंच औषध चोरे, आणि ही चोरी व्हायची ती अगदी साध्या फटीतून. मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची अँप्यूल फोडली, रुग्णाला चार दिले. उरलेले सहा दुसऱ्या नर्ससमोर ओतून टाकायचे आणि दोघींनी सही करायची. वॉर्ड भरलेला असला की दुसरी न बघताच सही ठोकते. पुढे पासवर्डने उघडणारी औषधांची यंत्रं आली आणि कुणी कितीदा खण उघडला ते दिसू लागलं. न बघता होणारी सही मात्र यंत्रालाही पकडता येत नाही.

कारवाईऐवजी उपचाराची ही नवी वाट सोपी मुळीच नव्हती. करार साधारण तीन ते पाच वर्षांचा. आज लघवीची तपासणी आहे का, हे नर्सने रोज विचारायचं. नार्कोटिकच्या कपाटाची किल्ली नाही, बरेचदा रात्रपाळीही नाही. तपासणीचा खर्च पुष्कळदा तिच्याच खिशातून, तोही पगार बंद असताना. मला हे खटकतं: ज्यांच्या गाठीला पैसा नाही, त्या इथेच गळतात.

देखरेख ढिली पडली की काय होतं, तेही दिसलं. कॅलिफोर्नियात डॉक्टरांसाठीचा असाच कार्यक्रम तपासणीत नापास होत राहिला आणि २००८ मध्ये बंद झाला. नर्सेसचा मात्र टिकला.

पण उपचार म्हणजे नेमकं काय, यावर बोर्डं अडूनच राहिली. इंडियानात अफूजन्य औषधांचं व्यसन सोडवण्यासाठी डॉक्टरने लिहून दिलेलं औषध घेणाऱ्या नर्सला मदत कार्यक्रमाचं दार बंद होतं. २०२२ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने तिथल्या बोर्डाला सांगितलं, की हा अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचा भंग आहे. १९८२ च्या ठरावाला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती.