अलंकार ओळखावे कसे?

काव्यांतील अलंकार ओळखण्यासाठीं विद्यार्थी एक सोपी युक्ति योजितात: 'सारखा' दिसला कीं उपमा, 'जणूं' दिसला कीं उत्प्रेक्षा. युक्ति उपयोगी खरी, परंतु अपुरी. 'मूल सारखें रडतें' ह्या वाक्यांत उपमा कोठें आहे? म्हणून खुणेच्या शब्दाबरोबर अर्थहि पाहिला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

एकच प्रसंग घेऊं. 'वैशाखांत नागपूर भट्टीसारखें तापलें.' येथें नागपूर हें उपमेय, भट्टी हें उपमान, तापणें हा साधारण धर्म, व 'सारखें' हा साम्यवाचक शब्द. दोन वस्तु वेगळ्या राहून त्यांचें साम्य दाखविलें, ही उपमा. 'वैशाखांतील नागपूर म्हणजे जणूं पेटलेली भट्टीच' असें म्हटलें, तर उपमेय हेंच उपमान असावें अशी कल्पना झाली, ही उत्प्रेक्षा. 'ह्या नागपूररूपी भट्टींत आम्ही भाजून निघालों' ह्यांत दोहोंचा भेदच उरला नाहीं; हें रूपक. आणि 'तहानलेली नाग नदी पावसाची वाट पाहत पडली' ह्यांत अचेतन नदीस मनुष्याचे भाव दिले, ही चेतनगुणोक्ति.

हे झाले अर्थालंकार. शब्दालंकार मुख्यतः कानानें ओळखावे. त्यांची कसोटी अशी: शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घालावा, सौंदर्य गेलें तर शब्दालंकार, टिकलें तर अर्थालंकार. 'भट्टी'च्या जागीं 'अग्निकुंड' घातलें तरी उपमा राहते. परंतु 'विहीर आटली, गांवाचें जीवन संपलें' ह्यांत 'जीवन' म्हणजे पाणी व आयुष्य दोन्ही. तेथें 'पाणी' घालतांच श्लेष नाहींसा होतो.

१८९५ मध्यें ख्रिस्ती झालेले, व त्यापूर्वी कांहीं काळ नागपुरांत राहिलेले, रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांस 'फुलामुलांचे कवि' म्हणतात. हें मोठ्यानें म्हणून पाहावें, मग 'पुष्पबालकांचे कवि' असें म्हणावें. अर्थ तोच, पण गोडी कोठें गेली? ती अनुप्रासांत होती. चरणांच्या शेवटीं अक्षरें जुळलीं म्हणजे यमक साधतें. १६१६ मध्यें गोमंतकांत छापलेलें फादर स्टीफन्स ह्यांचें क्रिस्तपुराण ओवीबद्ध आहे. ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या अंतीं यमक असतें, चौथा चरण मोकळा असतो.

परीक्षेच्या गुणांपेक्षां ह्या विषयाचें महत्त्व मोठें आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांत प्रभु येशू स्वतःस द्राक्षवेल व शिष्यांस फांटे म्हणतो. तेथें 'सारखा' नाहीं, 'जणूं' नाहीं; केवळ खुणेचे शब्द शोधणारा तेथें अडखळेल. रूपक ओळखणाऱ्यास मात्र वेलापासून तुटलेला फांटा कां सुकतो, आणि त्यांतील बोध आपणांस कसा लागू आहे, हें कळतें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें अलंकाराचें नांव सांगितलें म्हणजे आणखी एक प्रश्न विचारावा: "बाळ, हा अलंकार काढला तर कवितेंतून काय जाईल?" ह्याचें उत्तर जो देईल, त्यास कविता समजली असें खुशाल समजावें.